मी शिकून पुढे आलो. मग शिक्षणाने विषमता टिकते हे कसे मानू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. समाजशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तुम्ही शिक्षणावरचे दृष्टिकोन वाचत आहात. शाळा गुणवत्ता हेरते आणि माणसाला त्याच्या योग्यतेच्या जागी पोहोचवते, असे प्रकार्यवाद सांगतो. तीच शाळा जुनी विषमता नव्या पिढीच्या हवाली करते, असे संघर्षवाद सांगतो. तुमचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते, तुम्ही शिकलात, आणि त्या शिक्षणानेच तुमचे आयुष्य बदलले. तेव्हा संघर्षवाद प्रामाणिकपणे कसा मान्य करायचा, आणि 'कोणता दृष्टिकोन अधिक ग्राह्य?' या प्रश्नाला उत्तर काय लिहायचे, असे तुम्ही विचारले आहे.

हा विषय मी वीसहून अधिक वर्षे शिकवते आहे आणि ही अडचण दरवर्षी कोणीतरी मांडतेच. बहुतेक वेळा ती मांडणारा विद्यार्थी वर्गातल्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी एक असतो, कारण बाकीचे दोन्ही दृष्टिकोनांचे चार-चार मुद्दे लिहून शेवटी 'दोन्ही दृष्टिकोन परस्परपूरक आहेत' असे एक वाक्य टाकतात आणि मोकळे होतात. ते वाक्य वाचले की मी समासात एकच शब्द लिहिते: 'कसे?'

तुमची खरी अडचण सिद्धांत निवडण्याची नाही, असे मला वाटते. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत. शिक्षणाने एका व्यक्तीच्या आयुष्यात काय केले, हा पहिला. आणि समाजातल्या निरनिराळ्या गटांना मिळणाऱ्या संधींमधले अंतर शिक्षणाने बदलले का, हा दुसरा. तुमचा अनुभव पहिल्याचे ठोस उत्तर देतो, पण दुसऱ्याबद्दल त्यावरून जवळजवळ काहीच सांगता येत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मी वर्गात हेच फळ्यावर मांडते.

एका समाजात सुस्थित घरांतली १०० मुले आणि वंचित घरांतली १०० मुले आहेत, असे समजा. आधीच्या पिढीत सुस्थितांपैकी ८० जण पदवीपर्यंत पोहोचत आणि वंचितांपैकी २०. पुढच्या पिढीत महाविद्यालये वाढली, शुल्क कमी झाले, आणि ही संख्या अनुक्रमे ९५ आणि ५० झाली. अंतर ६० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आले, म्हणजे विषमता कमी झाली, असे कोणीही म्हणेल. आता दुसरे माप लावा. सुस्थित घरातल्या मुलाच्या बाबतीत पदवी मिळणे आणि न मिळणे यांचे प्रमाण आधी ८० ला २०, म्हणजे चारास एक होते, आणि वंचित घरातल्या मुलाच्या बाबतीत २० ला ८०, म्हणजे एकास चार. या दोन प्रमाणांचे गुणोत्तर १६ येते. नव्या पिढीत ही प्रमाणे ९५ ला ५ आणि ५० ला ५०, म्हणजे एकोणीसास एक आणि एकास एक अशी आहेत; त्यांचे गुणोत्तर १९. आकडे तेच, पण या मापाने विषमता किंचित वाढली.

या दुसऱ्या पिढीतल्या वंचित घरांतल्या ५० पदवीधरांमध्ये तुम्ही आहात. तुमची कहाणी शंभर टक्के खरी आहे, तुमच्यासारखे अनेक जण आहेत हेही खरे आहे, आणि तरीही गटांमधली सापेक्ष विषमता जिथल्या तिथे असू शकते. यात विरोधाभास नाही. विस्तार आणि समानीकरण या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि आपल्याला त्या एकत्रच दिसतात म्हणून एकच वाटतात.

यातले कोणते माप खरे, असे विद्यार्थी लगेच विचारतात. ते कशासाठी मोजत आहात यावर अवलंबून आहे. वाचता-लिहिता येणे, स्वतःच्या आरोग्याविषयी समज येणे, अर्जातला मजकूर कोणावर विसंबून न राहता कळणे, हे लाभ शेजाऱ्यालाही मिळाले म्हणून तुमचे कमी होत नाहीत. तिथे नुसती टक्केवारी पुरेशी आहे. पदवीचा उपयोग मोजक्या जागांसाठीच्या स्पर्धेत होत असेल, तर मात्र तिचे मोल इतरांकडे काय आहे यावर ठरते आणि सापेक्ष माप लावणे भाग पडते. निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात एवढे स्पष्ट केलेत, तर पुढचा निम्मा गोंधळ टळेल.

आता सिद्धांतांकडे वळू. स्तरीकरणाचे, म्हणजे समाजातल्या वरच्या-खालच्या थरांच्या रचनेचे, अभ्यासक एक साधा त्रिकोण वापरतात. त्याचे तीन बिंदू म्हणजे माणूस ज्या घरात जन्मला ते मूळ, त्याने घेतलेले शिक्षण, आणि तो शेवटी ज्या व्यवसायात किंवा उत्पन्नगटात पोहोचला ते स्थान. मुळापासून शिक्षणाकडे, शिक्षणापासून स्थानाकडे आणि मुळापासून थेट स्थानाकडे असे तीन बाण काढायचे. पाठ्यपुस्तकात एकमेकांसमोर उभे केलेले दृष्टिकोन पुष्कळदा वेगवेगळ्या बाणांविषयी बोलत असतात.

प्रकार्यवादाविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यावर टिपणे भरपूर मिळतात. दुर्खीम यांचा मुख्य विषय सामाजिक ऐक्य हा होता. शाळा समान संधी देते की नाही, हा त्यांच्या मांडणीचा केंद्रबिंदू नव्हता. पार्सन्स यांनी १९५९ मध्ये शाळेच्या वर्गाकडे कुटुंब आणि व्यापक समाज यांच्यामधला दुवा म्हणून पाहिले: घरात मूल 'आपले' म्हणून स्वीकारले जाते, शाळेत ते पहिल्यांदा सर्वांना लागू असलेल्या एकाच मोजपट्टीने मोजले जाते. डेव्हिस आणि मूर यांचा १९४५ चा युक्तिवाद तर मुख्यतः त्रिकोणाच्या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे स्थानांचा, आहे: महत्त्वाच्या आणि दीर्घ प्रशिक्षण मागणाऱ्या जागांना अधिक मोबदला का मिळतो, हे ते सांगू पाहतात. ट्यूमिन यांनी १९५३ मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप आजही उपयोगी पडतो. ज्या समाजात वरच्या थरांबाहेरच्या मुलांना प्रशिक्षणापर्यंत पोहोचताच येत नाही, त्या समाजाला आपल्याकडे किती गुणवत्ता आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही; म्हणजे स्तरीकरण गुणवत्ता शोधण्याच्या आड येते. मोजपट्टी सर्वांना एकच आहे एवढे म्हणून पार्सन्स थांबतात. ती मोजपट्टी कोणाच्या घरात आधीपासून वापरात होती, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

तो प्रश्न फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू यांचा. पासरॉं यांच्यासह १९६४ आणि १९७० मध्ये त्यांनी केलेली मांडणी 'श्रीमंतांची मुले पुढे जातात' एवढीच असती, तर तिला फारसे मोल नसते. शाळा ज्या गोष्टी शिकवत नाही त्यांची अपेक्षा ती करते, हा त्यांचा मुद्दा आहे. विशिष्ट वळणाची भाषा, पुस्तकांशी सलगी, मोठ्यांशी बरोबरीने बोलण्याची सहजता या गोष्टी काही घरांत लहानपणापासून नकळत अंगी बाणतात. शाळा त्यांना हुशारी म्हणते आणि त्या नसल्या की मुलाची कुवत कमी ठरवते. वारशाने आलेल्या गोष्टीला कमाईचे प्रमाणपत्र मिळते आणि ज्याला ते मिळत नाही तोही निकाल न्याय्य मानतो, म्हणून ही व्यवस्था टिकते. घरातून आलेल्या या ठेव्याला बोर्द्यू सांस्कृतिक भांडवल म्हणतात; ही संकल्पना उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त वापरली जाते आणि सर्वांत ढिसाळपणेही. घरात पुस्तके आहेत, शिकवणी लावली आहे, आईवडील शिकलेले आहेत, सगळे एकाच पोत्यात. पुस्तके आणि वाद्ये ही वस्तुरूप, पदव्या ही संस्थारूप आणि अंगवळणी पडलेली रीत ही देहरूप, अशा तीन अवस्था बोर्द्यू यांनी स्वतः वेगळ्या केल्या आहेत, तुम्हीही कराव्यात.

बाउल्स आणि गिंटिस यांचा १९७६ चा युक्तिवाद अधिक थेट आहे. शाळेतली शिस्त, श्रेणी आणि बाहेरून मिळणारे बक्षीस यांची रचना कामाच्या ठिकाणच्या रचनेशी जुळते, आणि ती जुळणी कामगार घडवते. यात मुले मातीच्या गोळ्यासारखी वाटतात, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, पॉल विलिस यांनी इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या एका औद्योगिक गावातील कामगार घरांतल्या १२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुले शाळेला अजिबात शरण जात नव्हती. शिक्षकांची टर उडवत, अभ्यासू मुलांना हिणवत. अंगमेहनतीच्या कामालाच ती मर्दपणा मानत. आणि नेमक्या या बंडामुळे ती आपल्या वडिलांच्याच कामांकडे, बऱ्यापैकी राजीखुशीने, गेली. शाळेने त्यांना दाबून कामगार केले, असे म्हणता येत नाही आणि शाळेचा संबंध नव्हता, असेही नाही. संघर्षवाद म्हणजे कारस्थानाचा सिद्धांत, असा ज्यांचा समज आहे त्यांना मी आधी विलिस वाचायला सांगते.

वर्गाच्या चार भिंतींत काय घडते, याकडे आंतरक्रियावादी पाहतात. १९७० मध्ये रे रिस्ट यांनी एका बालवर्गाचे निरीक्षण मांडले. शाळा सुरू होऊन आठव्या दिवशी शिक्षिकेने मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा दिल्या. तोवर मुलांची कोणतीही औपचारिक बौद्धिक चाचणी झालेली नव्हती. पोशाख, बोलण्याची ढब, घराची परिस्थिती यांच्याशी ती विभागणी जुळत होती. शिक्षिकेच्या जवळच्या टेबलाला तिचे लक्ष अधिक मिळाले, आणि मुले दुसरीत गेली तरी विभागणी जवळपास तशीच राहिली, आता मात्र तिला गुणांचा आधार होता. येथे एक सावधगिरी हवी. हा एका वर्गाचा अभ्यास आहे. शिक्षकांच्या अपेक्षांवरचा रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग प्रसिद्ध असला, तरी त्याच्या पद्धतीवर बरेच वाद झाले. शिक्का मारल्याने विषमता कशी रुजते हे असे अभ्यास उत्तम दाखवतात. एकूण विषमतेत त्याचा वाटा किती, हे ते सांगू शकत नाहीत.

तुमच्या अनुभवाशी सर्वांत जवळचा सिद्धांत पाठ्यपुस्तकात बहुधा दोन ओळींत उरकला जातो. तो रेमों बुदों यांचा, १९७४ चा. घराच्या परिस्थितीचा शिक्षणावरचा परिणाम त्यांनी दोन भागांत तोडला. घरामुळे मुलाच्या शालेय कामगिरीत पडणारा फरक हा प्राथमिक परिणाम. आणि कामगिरी सारखी असूनही पुढे शिकायचे की थांबायचे या निर्णयात पडणारा फरक हा दुय्यम परिणाम. समान गुण मिळवलेली दोन मुले डोळ्यांसमोर आणा. एकाच्या घरात पदवी न घेणे म्हणजे आईवडिलांच्या पायरीखाली उतरणे, म्हणून निकाल मध्यम असला तरी घर त्याला पुढे रेटते. दुसऱ्याच्या घरात त्याने शालान्त परीक्षा ओलांडली हीच मोठी मजल असते. तीन वर्षे कमाई नाही आणि नापास झाला तर हाती काहीच नाही, ही जोखीम त्या घराला मोठी वाटते, आणि ती खरोखरच मोठी असते. ब्रीन आणि गोल्डथॉर्प यांनी १९९७ मध्ये हाच विचार पुढे नेला: घरे आपल्या सध्याच्या थरापेक्षा खाली घसरण्याची शक्यता टाळायचा प्रयत्न करतात, आणि घसरण कुठून मोजायची हे थरागणिक वेगळे असल्यामुळे सारखाच सुज्ञपणा वेगवेगळे निर्णय घडवतो. म्हणजे गरीब घरांना शिक्षणाची किंमत कळत नाही, असा दोष न देताही विषमता समजावता येते.

मी या विभागणीवर इतका भर देते, कारण तिच्यावरून उपाय बदलतात. विषमता मुख्यतः प्राथमिक परिणामातून येत असेल, तर सुरुवातीच्या इयत्तांत काम हवे. दुय्यम परिणामातून येत असेल, तर शिष्यवृत्ती, निर्णयाच्या वेळी भरवशाची माहिती आणि परतीचा मार्ग खुला असणे यांचा उपयोग अधिक. एखाद्या ठिकाणी यातले काय अधिक, हे त्या ठिकाणची व्यवस्था पाहिल्यावाचून सांगता येत नाही. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत मुले साधारण दहाव्या वर्षी वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. फिनलंडने १९७० च्या दशकात लवकरची विभागणी बंद करून सर्वांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा आणली, आणि त्यानंतरच्या अभ्यासांत वडील व मुलगा यांच्या उत्पन्नांतला दुवा सैल झालेला आढळला. निर्णयाचा क्षण जितका लवकर, तितका तो घराच्या हातात अधिक.

शाळेचा वाटा किती, या प्रश्नावरही पुरावा एकसुरी नाही. अमेरिकेतल्या सुमारे ४,००० शाळांच्या पाहणीवर आधारलेला कोलमन यांचा १९६६ चा अहवाल सांगतो की गुणांमधला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घराच्या पार्श्वभूमीशी अधिक जोडलेला आहे. त्याचा 'शाळेने काही फरक पडत नाही' असा अर्थ लावला गेला, तो चुकीचा. हेनमन आणि लॉक्सली यांनी १९८३ मध्ये २९ देशांची तुलना केली, तेव्हा कमी उत्पन्नाच्या देशांत शाळा आणि शिक्षक यांचा प्रभाव तुलनेने जास्त दिसला. बाल्टिमोरमध्ये मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात असे आढळले की शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थित मुले साधारण सारख्या गतीने शिकतात आणि अंतर उन्हाळ्याच्या सुटीत वाढते. म्हणजे शाळा विषमता निर्माण करण्यापेक्षा तिला आवर घालते. अलीकडे, २०१९ मध्ये, चाचण्यांच्या मापनपद्धतीतल्या दोषांमुळे सुटीचा हा परिणाम फुगलेला असावा आणि अंतराचा मोठा भाग शाळेत पाऊल टाकण्याआधीच तयार झालेला असतो, अशीही मांडणी झाली. यातून शाळा निर्दोष ठरत नाही, पण 'शाळाच विषमता घडवते' हे विधान इतक्या सैलपणे करता येत नाही, एवढे निश्चित.

आता काळाच्या ओघात काय झाले ते पाहू. शाव्हिट आणि ब्लॉसफेल्ड यांनी १९९३ मध्ये १३ देशांचा तौलनिक अभ्यास संपादित केला. शिक्षणाचा प्रचंड विस्तार होऊनही सापेक्ष विषमतेत स्पष्ट घट फक्त स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये दिसली. त्याच वर्षी राफ्टरी आणि हाउट यांनी आयर्लंडच्या आकडेवारीवरून सुचवले की वरच्या थरांची गरज जवळपास पूर्ण भागेपर्यंत एखाद्या पातळीवरची विषमता हटत नाही. ल्यूकस यांनी २००१ मध्ये त्यात भर घातली: पातळी सर्वांना खुली झाली की स्पर्धा तिच्या दर्जाकडे वळते, कोणती शाखा, कोणती संस्था, कोणता प्रवाह. हे चित्र अंतिम नाही. ब्रीन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आठ युरोपीय देशांत अधिक मोठी आकडेवारी वापरली, आणि विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत विषमता खरोखर घटल्याचे त्यांना आढळले. तुमच्या निबंधात दोन्ही निष्कर्ष यायला हवेत, आणि दुसरा पहिल्याला का बदलतो हेही.

राहिले दुसरे दोन बाण. पदवी मिळाल्यावर ती सर्वांना सारखीच कामी येते का? रँडॉल कॉलिन्स यांनी १९७९ मध्ये दाखवले की नोकऱ्यांसाठीच्या शैक्षणिक अटी कामाच्या गरजेपेक्षा वेगाने चढत जातात, आणि त्यामुळे प्रत्येक पिढीला त्याच जागेसाठी अधिक वरचे प्रमाणपत्र लागते. दुसऱ्या बाजूला, हाउट यांनी १९८८ मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीवरून म्हटले की महाविद्यालयीन पदवीधरांमध्ये मूळ घर आणि पुढचा व्यवसाय यांचा संबंध जवळजवळ पुसला जातो. तुमच्या अनुभवाला सर्वांत भक्कम आधार याच निष्कर्षात आहे, आणि तो तुम्ही निःसंकोच वापरावा. मात्र टोर्शे यांनी २०११ मध्ये दाखवले की पदवीच्याही वरच्या शिक्षणात तो संबंध पुन्हा डोके वर काढतो. आणि ब्रिटनमधल्या उच्च व्यवसायांत पोहोचलेल्या, कामगार घरांतून आलेल्या लोकांना त्याच व्यवसायातल्या सुस्थित घरांतल्या लोकांपेक्षा सरासरी कमी वेतन मिळते, असे लॉरिसन आणि फ्रीडमन यांच्या अभ्यासात आढळले. शिवाय त्या पदवीधरांत पोहोचलेली वंचित घरांतली मुले आधीच अनेक गाळण्यांतून गेलेली असतात, हे विसरू नका.

म्हणून 'कोणता दृष्टिकोन अधिक ग्राह्य?' याचे उत्तर लिहिताना बाणागणिक निर्णय द्या. माझा स्वतःचा कल सांगायचा तर मुळापासून शिक्षणाकडे जाणाऱ्या बाणावर बोर्द्यू आणि बुदों एकत्र वापरावेत: कामगिरीतला फरक पहिल्याने, निर्णयातला फरक दुसऱ्याने. शिक्षणापासून स्थानाकडे जाणाऱ्या बाणावर पार्सन्स यांच्या मताला बऱ्यापैकी पुरावा आहे, पण तो पदवीच्या पातळीवर. त्याखाली आणि त्यावर तो विरळ होतो. हा माझा कल आहे, विद्यापीठाचे आदर्श उत्तर नव्हे. तुमचा वेगळा असला तर कोणता पुरावा मिळाल्यास तुम्ही तो सोडाल, हे लिहा. मला परीक्षक म्हणून तेवढे पुरते.

आणि तुमचा अनुभव बाजूला ठेवू नका, पण तो दाखल्याऐवजी सामग्री म्हणून वापरा. मी विद्यार्थ्यांना एक काम देते: शिक्षणात पुढे जाण्याचे किंवा थांबण्याचे निर्णय ज्या ज्या वेळी घ्यावे लागले, ते क्षण क्रमाने लिहा; प्रत्येक क्षणापुढे माहिती कोणी दिली, पैसा कुठून आला, आणि निकाल थोडा कमी लागला असता तर घराने काय ठरवले असते, हे लिहा. सुस्थित घरांतल्या विद्यार्थ्यांच्या यादीत तिसरा रकाना बहुतेक वेळा सारखाच असतो: 'तरीही पुढेच शिकलो असतो.' पहिल्या पिढीत शिकणाऱ्यांच्या यादीत त्या रकान्यात एखाद्या शिक्षिकेचे नाव असते, ऐन वेळी जाहीर झालेली शिष्यवृत्ती असते, धाकट्या भावंडाने सोडलेली शाळा असते. तुमचा तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा आणि मग बुदों पुन्हा वाचा.